घाटमाथ्यावरचे धुरके आणि उपग्रहाचा आकडा

फेब्रुवारी महिना सरत आला, की चंदगड तालुक्याच्या पश्चिम कडेवरून, म्हणजे पारगडाच्या तटावरून किंवा तिलारी घाटाच्या माथ्यावरून, कोकणाकडे नजर टाकणाऱ्यास खालचा मुलूख स्वच्छ दिसेनासा होतो. दोडामार्गाकडील झाडी आणि त्यापलीकडील गोव्याच्या टेकड्या पिवळसर करड्या पडद्याआड जातात. सकाळच्या वेळी या पडद्याला वरच्या बाजूने पुष्कळदा स्पष्ट कड असते; कडेखाली मळकट, कडेवर निळे. ऊन चढू लागले, की ही कड विरते आणि मळकटपणा माथ्याच्याही वर चढतो. पावसाळ्यात याच घाटात भरणारे ओले धुके ते हे नव्हे. हे धुरके होय. आणि ते पाण्याच्या थेंबांपेक्षा वेगळ्याच द्रव्यांचे बनलेले असते.

समुद्राच्या फवाऱ्यातून उडालेले मीठ, दूरच्या वाळवंटांतील धूळ, वाहनांची व कारखान्यांची काजळी, गंधकयुक्त वायूंपासून हवेतच तयार होणारे सल्फेटचे कण, चुलींचा धूर, भाताच्या तरव्यासाठी भाजलेल्या राबाचा धूर आणि उसाच्या फडात पेटविलेल्या पाचटाचा धूर या सर्वांचे सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात. शास्त्रज्ञ त्यांना वायुकलिल म्हणतात. एरोसोल हा शब्दही आता रुळला आहे. यातील बहुतेक कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके किंवा त्याहूनही लहान असतात. हेच कण श्वासावाटे फुप्फुसात उतरतात, जमिनीवर पडणारे ऊन कमी करतात, आणि ज्याभोवती पाणी साचून ढगाचा थेंब बनतो ते बीजही हेच असतात. म्हणून त्यांची मोजदाद आरोग्य, शेती आणि पाऊस या तिन्ही अंगांनी महत्त्वाची ठरते.

मोजदाद करणारी यंत्रे मात्र बहुतांशी शहरांत आहेत. कोल्हापूर शहराचा समावेश २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात झालेला आहे आणि तेथे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मोजणी केंद्रे आहेत. चंदगड तेथून शंभर किलोमीटरहून अधिक दूर. अशा तालुक्याच्या हवेविषयी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर जो रंगीत नकाशा उमटतो, त्यातील रंग प्रायः गणिती प्रतिमानाने आणि उपग्रहाच्या निरीक्षणावरून भरलेला असतो. ग्रामसभेत कोणी तो नकाशा पुढे करून आपल्या गावची हवा चांगली असल्याचे किंवा वाईट असल्याचे सांगितले, तर त्यावर कितपत विसंबावे, हा प्रश्न रास्त आहे.

उपग्रहाला काय दिसते

उपग्रहावरील बहुसंख्य यंत्रे स्वतः प्रकाश टाकीत नाहीत. सूर्याचा प्रकाश जमिनीवरून व हवेतील कणांवरून परावर्तित होऊन वर जातो, तो ती मोजतात. त्यातून जमिनीचा वाटा वजा केला, की कणांचा वाटा उरतो. या उरलेल्या भागावरून 'प्रकाशीय जाडी' नावाचा आकडा काढतात. जमिनीपासून अवकाशापर्यंतच्या संपूर्ण हवेच्या स्तंभात कणांमुळे प्रकाशाला किती अडथळा होतो, हे तो आकडा सांगतो. सूर्य डोक्यावर असताना ही जाडी ०.१ असेल, तर थेट येणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९० टक्के कणांच्या गर्दीतून पार होतात, ०.५ असेल तर सुमारे ६१ टक्के; आणि १ असेल तर अवघे ३७ टक्के.

येथे दोन अडचणी उद्भवतात. पहिली वजाबाकीची. जमीन किती उजळ आहे याचा अंदाज चुकला, की बाकीही चुकते. घनदाट जंगल काळसर दिसते, त्यामुळे तेथे अंदाज बरा जमतो. परंतु चंदगडच्या परिसरात जंगलाला लागूनच जांभ्या दगडाचे उघडे सडे आहेत, उन्हाळ्यात ते तांबूस व उजळ होतात. कापलेली भातखाचरे आणि भाजलेली राने हीही शेजारीच. एका चौकटीत हे सर्व आले, की उपग्रहाची कसोटी लागते.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. प्रकाशीय जाडी ही संपूर्ण स्तंभाची बेरीज असते. कण कोणत्या उंचीवर आहेत, हे ती सांगत नाही. गावाच्या वस्तीत नाकातोंडाशी असलेला धूर आणि तीन किलोमीटर उंचीवरून वाहत जाणारी धूळ या दोहोंची जाडी सारखी येऊ शकते. पहिल्याने मुलांना खोकला होईल. दुसरीचा पत्ताही लागणार नाही. शिवाय दमट हवेत बरेच कण पाणी शोषून फुगतात आणि अधिक प्रकाश विखुरतात. त्यामुळे कणांचे वजन तेवढेच राहूनही आकडा वाढतो. स्तंभाच्या बेरजेवरून जमिनीलगतच्या हवेचा निष्कर्ष काढताना म्हणूनच उंचीचा हिशेब अगोदर लागावा लागतो.

महसूल आणि कृषी खात्यांतील मंडळींना यातील तत्त्व नवे वाटू नये. तालुक्याचे सरासरी उत्पन्न ठरविताना प्रत्येक शेत कापून पाहता येत नाही. निवडक भूखंडांवर पीक कापणी प्रयोग घेतात आणि नजरअंदाज त्यावर ताडून पाहतात. उपग्रहाचे निरीक्षण हा नजरअंदाज मानला, तर त्यासाठी लागणारा कापणी प्रयोग आकाशातच, उंचीच्या प्रत्येक टप्प्यावर घ्यावा लागतो. हे काम लायडर हे यंत्र करते.

प्रकाशाची मोजपट्टी

रडार ज्याप्रमाणे रेडिओलहरी सोडते, त्याप्रमाणे लायडर लेसर प्रकाशाचे अतिशय अल्पकालीन स्पंद सोडते. वाटेतील कणांवर आपटून प्रकाशाचा अत्यल्प अंश मागे येतो आणि दुर्बीण तो टिपते. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असल्याने, स्पंद सोडल्यापासून १ मायक्रोसेकंदाने परतलेला प्रकाश १५० मीटरवरून आला, २० मायक्रोसेकंदांनी परतलेला ३ किलोमीटरवरून आला, असा सरळ हिशेब मांडता येतो. अशा रीतीने कोणत्या उंचीवर किती दाट थर आहे, याचा उभा छेद मिळतो. विहीर खणताना मातीचे थर दिसावेत तसा.

लायडरचेही बोलणे सर्वस्वी निःसंदिग्ध नसते, हे येथेच सांगितलेले बरे. परतलेल्या प्रकाशात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : कणांनी मागे फेकलेला प्रकाश आणि जाता-येता कणांनी अडविलेला प्रकाश. समीकरण एक, अज्ञात दोन. त्यामुळे साध्या लायडरला या दोहोंचे गुणोत्तर गृहीत धरावे लागते. समुद्री मिठासाठी ते सुमारे २० ते २५, वाळवंटी धुळीसाठी ४० च्या आसपास आणि धुरासाठी ७० च्या आसपास धरतात. धुराला मीठ समजले, तर प्रकाशीय जाडी तिपटीने चुकण्याचा संभव असतो. या दोषावर तोड म्हणून उच्च वर्णपट-विभेदन लायडर तयार झाले. हवेचे रेणू अतिशय वेगाने इतस्ततः धावत असतात, त्यामुळे त्यांच्यावरून परतलेल्या प्रकाशाची कंपनसंख्या किंचित पसरते. कण त्या मानाने जड व संथ, म्हणून त्यांच्यावरून परतलेला प्रकाश जवळजवळ मूळच्याच कंपनसंख्येचा राहतो. आयोडिनच्या बाष्पातून गाळून हे दोन प्रकाश वेगळे करता येतात. मग गृहीतकाची गरज उरत नाही.

महाराष्ट्रात या विद्येची सुरुवात बरीच लवकर झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत १९८६ पासून आर्गॉन-आयन लेसरवर चालणाऱ्या लायडरने वातावरणातील कणांच्या नियमित नोंदी घेण्यात येऊ लागल्या. या यंत्रात लेसर आणि दुर्बीण एकमेकांपासून काही अंतरावर ठेवलेली असत, आणि दोघांच्या रेषा आकाशात जेथे छेदतील त्या उंचीवरील कणांचे मापन होत असे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने १९९१ मधील पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकातून उच्च वातावरणात गेलेला थर हळूहळू कसा विरत गेला, ते लायडरनेच पाहिले. कोल्हापुरातही २००९ नंतर संधिप्रकाशमापकाच्या साहाय्याने निरीक्षणे झाली आहेत. सूर्य मावळल्यावर पृथ्वीची सावली जसजशी वर चढते, तसतसा माथ्यावरील आकाशाचा उजेड कसा उणावतो यावरून उंचीवरील कणांचा अंदाज या पद्धतीत करतात. उपकरण साधे आणि अल्पमोली. लेसरची आवश्यकता नाही.

१९९९ : गोव्याच्या किनाऱ्यावर

चंदगडच्या दृष्टीने सर्वांत जवळची पडताळणी शेजारच्या गोव्यातच झाली. १९९९ च्या जानेवारी ते मार्च या काळात हिंदी महासागर प्रयोग, म्हणजेच 'इंडोएक्स', पार पडला. भारत, अमेरिका आणि युरोपातील शास्त्रज्ञ त्यात सहभागी होते. भारताचे 'सागर कन्या' हे संशोधन जहाज, मालदीवमधील भूमिस्थित केंद्र, अनेक विमाने आणि उपग्रह यांनी एकाच वेळी एकाच धुरक्याचे मापन करावे, अशी त्याची आखणी होती. युरोपचा 'मेटिओसॅट-५' हा उपग्रह १९९८ मध्ये खास ६३ अंश पूर्व रेखांशावर हलविण्यात आला होता. समुद्रावरील धुरक्याची प्रकाशीय जाडी त्याच्या चित्रांवरून काढण्यात आली. 'मिस्तेर-२०' या फ्रेंच विमानात 'लेआंद्र' हे लायडर बसविलेले होते. ते महासागरावर उड्डाणे करीत होते. त्याच मोहिमेत मार्च १९९९ मध्ये गोव्यात जमिनीवरून लायडरची निरीक्षणे घेण्यात आली.

या तिहेरी मापनातून जे चित्र निघाले, त्यात सह्याद्रीची भूमिका महत्त्वाची आहे. हिवाळा व उन्हाळ्याच्या आरंभी दख्खनच्या पठारावर दिवसा जमीन तापते आणि हवेबरोबर धूर व धूळ दोन-तीन किलोमीटर उंच चढतात. हा थर ईशान्येच्या वाऱ्याबरोबर घाटमाथ्यावरून पश्चिमेकडे निघतो. पण किनाऱ्यावर समुद्राकडील दमट व थंड हवेचा थर अगोदरच पसरलेला असतो. ही थंड हवा जड, म्हणून पठाराचे धुरके तिच्यात न मिसळता तिच्यावर स्वार होऊन समुद्रात दूरवर जाते. म्हणजे गोव्याच्या आकाशात खाली समुद्री थर आणि वर सुमारे ३ किलोमीटरपर्यंत पठारावरून आलेला थर, अशी दुमजली रचना असते. उपग्रहाला या दोन मजल्यांची केवळ बेरीज दिसत होती. वरचा मजला किती आणि खालचा किती, हे लायडरने सांगितले.

पठाराच्या काठावर वसलेला चंदगड तालुका या दुमजली रचनेच्या जिन्यावरच उभा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे भारतीय अवकाश संशोधन संघटनेने २००६ च्या मार्च ते मे महिन्यांत 'आयकार्ब' ही देशव्यापी मोहीम हाती घेतली. तिच्यात विमानावर लायडर बसवून पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरून समुद्राकडे उड्डाणे करण्यात आली. २ ते ४ किलोमीटर उंचीवर कणांचे दाट थर आढळले. जमिनीलगतच्या मिसळलेल्या थरात, जेथे स्थानिक धुराचा प्रभाव असतो, तेथे किनाऱ्यापासून काही ठिकाणी अवघ्या १५० किलोमीटरवर कणांचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशावर येते; वरच्या थरात मात्र तेवढीच घट होण्यास ६०० ते ८०० किलोमीटर लागतात. गावचा धूर गावाच्या आसपास, आणि उंचावर चढलेला धूर परप्रांतात, असा याचा ढोबळ अर्थ.

उपग्रहावरच लायडर

अवकाशातून लायडर चालविता येईल की नाही, याची पहिली मोठी चाचणी सप्टेंबर १९९४ मध्ये 'डिस्कव्हरी' या अंतराळयानावर झाली. ती यशस्वी ठरल्यानंतर २८ एप्रिल २००६ रोजी अमेरिका व फ्रान्स यांचा 'कॅलिप्सो' उपग्रह सोडण्यात आला. १ ऑगस्ट २०२३ रोजी त्याचे कार्य संपले. सतरा वर्षांच्या या काळात त्याने जगभरच्या कणांचे व ढगांचे उभे छेद दिले.

कॅलिप्सोच्या पडताळणीची हकिकत या विषयातील आदर्श मानावी लागेल. उपग्रह सुमारे ७०५ किलोमीटर उंचीवरून सेकंदाला सात किलोमीटर वेगाने सरकतो. दोनशे किलोमीटरची वाट तो अर्ध्या मिनिटात संपवितो. त्याच वाटेच्या नेमके खाली, सुमारे ९ किलोमीटर उंचीवरून 'नासा'चे छोटे विमान उच्च विभेदन लायडर घेऊन उडे. त्याला तेवढ्याच अंतरास अर्धा तास लागे. म्हणून उपग्रह डोक्यावरून जाण्याचा क्षण उड्डाणाच्या मध्यावर येईल, असे वेळापत्रक आखावे लागे. २००६ ते २००९ या काळात अशी ८६ उड्डाणे झाली. मागे परतलेल्या प्रकाशाच्या मापनात उपग्रह आणि विमान यांच्यातील सरासरी तफावत रात्री २.७ टक्के आणि दिवसा २.९ टक्के भरली. शेकडो किलोमीटर वरून केलेल्या मापनास हे यश थोडे नव्हे.

पडताळणीने दोषही दाखविले, आणि खरे पाहता तिचा उपयोग तेथेच आहे. दिवसा सूर्यप्रकाशाच्या गोंगाटात विरळ थर उपग्रहाच्या हातून निसटत. त्यामुळे स्तंभाची बेरीज कमी भरे. आपले माप जुळविण्यासाठी हा उपग्रह प्रथम ३० ते ३४ किलोमीटर उंचीवरील हवा कणरहित मानीत असे. तेथेही थोडे कण असतात, हे ध्यानी आल्यावर ती पातळी ३६ ते ३९ किलोमीटरवर नेण्यात आली आणि जुन्या नोंदींचा हिशेब नव्याने करण्यात आला. तलाठ्याने चुकीची नोंद दुरुस्त करून नवा फेरफार घालावा, तसेच हे काम.

तथापि चंदगडसारख्या तालुक्याला कॅलिप्सोकडून काय मिळाले असते, तेही पाहावे. त्याचा लेसर जमिनीवर केवळ ७० मीटर रुंदीचा ठिपका पाडीत असे. दोन ठिपक्यांत सुमारे ३३३ मीटरचे अंतर. एक वाट पुन्हा येण्यास १६ दिवस लागत, आणि विषुववृत्तावर दोन लगतच्या वाटांमध्ये सुमारे १७२ किलोमीटर जागा सुटे. वाट तालुक्यावरून गेलीच, तर गावठाणापेक्षाही अरुंद अशा रेषेवरील हवा पंधरवड्यातून एक-दोनदा दिसली असती. आणि जून ते सप्टेंबर ढगांनी तीही झाकली असती. उंची सांगणारा उपग्रह रुंदीला अपुरा आणि रुंदी पाहणारा उपग्रह उंचीला आंधळा. यामुळेच दोहोंची सांगड घालावी लागते.

पन्नास किलोमीटरची चौकट

उपग्रहाच्या आकड्याची तुलना सहसा जमिनीवरील सूर्यप्रकाशमापकाशी करतात. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेतील असा मापक २००४ पासून जागतिक जाळ्याचा घटक आहे. प्रचलित पद्धती अशी, की केंद्राच्या भोवती २५ ते ५० किलोमीटरच्या परिसरातील उपग्रहाचे आकडे आणि त्या वेळेच्या मागेपुढे अर्ध्या तासातील मापकाचे आकडे यांची सरासरी ताडून पाहावी. 'मोडिस' या उपग्रहयंत्रासाठी जमिनीवर ०.०५ अधिक मापाच्या १५ टक्के इतकी चूक अपेक्षित मर्यादेत धरतात. माप ०.४ असेल, तर ०.११ इतका फरक मान्य.

सपाट मुलखात हा नियम ठीक. चंदगडला मध्य कल्पून पन्नास किलोमीटरची चौकट आखली, तर तिच्या पश्चिम भागात समुद्रसपाटीच्या जवळपासचे कोकण येईल, मध्ये घाटाची कड येईल आणि पूर्वेस बेळगाव-गडहिंग्लजकडील उघडे पठार येईल. कोकणावरील हवेचा स्तंभ पठारावरील स्तंभापेक्षा शेकडो मीटर अधिक लांब आहे, आणि ही जास्तीची लांबी सर्वांत दमट व कणांनी भरलेल्या तळाच्या हवेची आहे. या दोहोंची सरासरी ना कोकणाची, ना पठाराची. घाटाच्या प्रदेशात चौकट लहान घेणे, माथा व पायथा यांचा हिशेब स्वतंत्र ठेवणे आणि शक्य तेथे लायडरचा छेद जोडणे, हाच योग्य मार्ग दिसतो. एक किलोमीटरच्या बारकाव्याचे उपग्रह-आकडे आता उपलब्ध आहेत, ही त्यातील सोयीची बाजू.

रंगीत नकाशा पाहणाऱ्या पंचायत सदस्याने वा शिक्षकाने त्यामुळे काही गोष्टी विचारून घ्याव्यात. आकडा कोणत्या वेळेचा आहे? उपग्रह बहुधा सकाळी साडेदहाच्या किंवा दुपारी दीडच्या सुमारास जातो; पाचट संध्याकाळी पेटविले आणि धूर रात्रभर ओढ्याच्या खोलगटात थंड हवेखाली कोंडून राहिला, तर तो उपग्रहाच्या नोंदीत येणारच नाही. आकडा स्तंभाचा आहे की जमिनीलगतच्या हवेचा? आणि त्या दिवशी ढग होते काय? नकाशा निळा आहे म्हणून फड पेटविण्यास हरकत नाही, असा निष्कर्ष यातून निघत नाही. आणि नकाशा लाल आहे म्हणून दोष गावच्या चुलींवर टाकावा, असेही नाही. दोन-तीन किलोमीटर उंचीवरून दुसऱ्याच कुणाचा धूर जात असण्याचा संभव असतो.

शाळांना एक साधी नोंद ठेवता येण्याजोगी आहे. शाळेच्या अंगणातून निरनिराळ्या अंतरावरच्या चार-पाच खुणा, जसे जवळची टेकडी, पलीकडचा डोंगर, कलानंदीगड किंवा महिपालगडाची रेषा, ठरवून घ्याव्यात आणि रोज सकाळी व दुपारी यांपैकी किती दिसतात, ते तारखेसह लिहून ठेवावे. ज्या दिवशी दुपारी खुणा स्वच्छ दिसूनही उपग्रहाचा आकडा मोठा येतो, त्या दिवशी थर उंचावर असण्याची शक्यता अधिक. खडू-फळ्याच्या खर्चात होणारी ही नोंद लायडरची जागा घेणार नाही, पण लायडर नसलेल्या ठिकाणी ती निरर्थकही नाही.

कॅलिप्सोनंतरची जागा आता 'अर्थकेअर' या युरोप व जपानच्या उपग्रहाने घेतली आहे. २८ मे २०२४ रोजी तो सोडण्यात आला. त्यावरील लायडर ३५५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशावर चालते आणि उच्च विभेदनाचे असल्याने कण व रेणू यांचा प्रकाश वेगळा करू शकते. जे काम पूर्वी विमानातील लायडर करीत असे, ते आता कक्षेतून होऊ लागले आहे. तरी विमानाची सुटका झालेली नाही : त्याच वर्षी ऑगस्टपासून जर्मनीचे 'हालो' हे संशोधन विमान केप वर्दे आणि पुढे बार्बाडोस येथून उडून, सहाराच्या धुळीवर या नव्या उपग्रहाच्या नेमके खालून जाऊन त्याचे माप तपासत होते.